शिळेवरचे नाव आणि कागदावरचे नाव

बडोद्याच्या जुन्या शहराच्या मध्यभागी मांडवी उभी आहे. मांडवी या शब्दाचा मूळ अर्थ जकातीचे ठाणे. येथून चार रस्ते चार दरवाजांकडे जातात. पूर्वेस पाणीदरवाजा, पश्चिमेस लहेरीपुऱ्याचा, उत्तरेस चांपानेरचा आणि दक्षिणेस गेंडीचा दरवाजा. या रस्त्यांच्या दोन्ही अंगांच्या वाड्यांतून आणि पोळांतून गायकवाडी अमलात जी मराठी कुटुंबे येऊन वसली, त्यांपैकी कित्येकांच्या घराण्याची सुरुवात एखाद्या शिलेदारापासून, पागेदारापासून किंवा साध्या शिपायापासून झाली. गायकवाडांचे राज्यच मुळी तलवारीच्या बळावर उभे राहिले. पानिपताच्या रणात १७६१ साली दमाजी गायकवाडही होते. ते परत आले; त्यांच्याबरोबर गेलेले अनेक जण परत आले नाहीत.

राजघराण्याची स्मृती या शहराने उत्तम जतन केली आहे. सयाजीराव महाराजांनी आपल्या घराण्यातील दिवंगतांसाठी १९३६ साली कीर्तिमंदिर बांधविले. नंदलाल बोस यांनी त्याच्या भिंतींवर चित्रे काढली आणि शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांची ब्राँझची चिन्हे बसविण्यात आली. पाहणाऱ्याचे मन भरून यावे अशीच ती वास्तू आहे. परंतु ती पाहून परतणाऱ्याच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही. राजाचे कीर्तिमंदिर झाले, शिपायाचे काय? त्याच्या मरणानंतर त्याचे नाव कोठे राहते आणि त्याच्या घरातील चूल कोणाच्या आधारावर पेटते?

हा प्रश्न आजचा नाही. आपल्या पूर्वजांनी त्याची दोन उत्तरे दिली होती. पहिले उत्तर दगडाचे. महाराष्ट्रात गावोगाव देवळाच्या आवारात किंवा वेशीजवळ वीरगळ दिसतात. खालच्या कप्प्यात लढाई, त्याच्या वर वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्याशी सूर्यचंद्र. ही स्मृती सूर्यचंद्र असेतो टिकावी, हा त्या चिन्हांचा अर्थ. मुंबईजवळ बोरिवलीच्या एकसर गावातील वीरगळांवर तर समुद्रावरील लढाई कोरलेली आहे. गुजरातेत याच जातीच्या दगडाला पाळिया म्हणतात. घोड्यावर बसलेला वीर, हातात भाला आणि पुष्कळदा खाली त्याचे नाव व संवत. मराठी वीरगळावर बहुधा नाव नसते. गाव नाव विसरतो, तरी शेंदूर लावण्यास विसरत नाही. कीर्तिमंदिराच्या शिखरावर जे सूर्यचंद्र आहेत, तेच एखाद्या खेड्यातील अनाम वीरगळावरही आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

दुसरे उत्तर भाकरीचे. कृष्णाजी अनंत सभासद यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस जी बखर लिहिली, तीत अफजलखानाच्या पराभवानंतर शिवाजी महाराजांनी केलेल्या व्यवस्थेचे वर्णन आहे. जे लढाईत पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेण्यात आले. ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून देण्यात आले. जखमींना जखम पाहून होन मिळाले. पुढे पेशव्यांच्या दप्तरात बालपरवेशी हा शब्द वारंवार आढळतो. लढाईत कामी आलेल्याच्या मुलाबाळांच्या पालनपोषणासाठी दिलेली नेमणूक किंवा जमीन म्हणजे बालपरवेशी. या शब्दात दयेचा सूर नाही, कर्तव्याचा आहे. ज्याच्या बापाने राज्यासाठी प्राण वेचले, त्याचे पालन राज्याने करावयाचे, इतका हा सरळ हिशेब होता.

म्हणजे सैनिकाचे स्मारक दोन अंगांचे असते. एक अंग नावाचे, दुसरे निर्वाहाचे. शिळा उभारली पण घर उपाशी राहिले, तर ती शिळा घरच्यांना टोचत राहते. उलटपक्षी पैसा मिळाला पण नाव कोणी घेतले नाही, तर तो पैसाही उपकारासारखा वाटू लागतो. गेल्या शंभर वर्षांतील सैनिकी स्मारकांचा इतिहास या दोन अंगांच्या ताळमेळाचा इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या वेळी युरोपात एक नवे तत्त्व पुढे आले. १९१७ साली इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनची स्थापना झाली आणि तिने ठरविले, की मृत सैनिकाच्या स्मारकात हुद्दा, वर्ण किंवा धर्म यांवरून भेद करावयाचा नाही. सेनापती आणि शिपाई यांची शिळा सारख्याच मापाची असावयाची. ज्याचे प्रेत सापडले नाही, त्याचे नाव स्मारकाच्या भिंतीवर कोरावयाचे. तत्त्व उदात्त होते. परंतु ते सर्वत्र सारखे पाळले गेले नाही.

मराठी माणसाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. त्या युद्धात मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढला. कूतच्या वेढ्यात अडकलेले सैन्य २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेले; त्यात मराठा पलटणींचे जवान होते. वेढ्यातील उपासमार, रोगराई आणि पुढे कैदेतील वाळवंटातली पायपीट यांत अनेकांचा अंत झाला. या आघाडीवर मेलेल्यांसाठी १९२९ साली बसरा येथे स्मारक उभे राहिले. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे एकेक करून कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. परंतु हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीचे नाव आणि पुढे केवळ आकडा आला. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतून गेलेला शिपाई त्या भिंतीवर संख्या होऊन राहिला. १९९७ साली इराकी राजवटीने ते स्मारक मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभे केले.

ही उणीव उघडपणे मान्य होण्यास जवळजवळ एक शतक लोटले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या नव्या नावाने चालणाऱ्या त्याच संस्थेने २०२१ साली चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. आफ्रिका, आशिया आणि मध्यपूर्व येथील ४५,००० ते ५४,००० मृतांना इतरांच्या बरोबरीने स्मारक मिळाले नाही, आणि किमान १,१६,००० जणांची, कदाचित ३,५०,००० पर्यंत, नावे कोरलीच गेली नाहीत किंवा त्यांचे स्मारकच झाले नाही, असे त्यात नमूद आहे. कमिशनने आणि ब्रिटिश सरकारने त्याबद्दल क्षमा मागितली. क्षमेने माणूस परत येत नाही. परंतु नाव परत येऊ शकते, म्हणूनच ती क्षमा निरर्थक नव्हे.

नाव परत कसे येते, हे इंग्लंडातील ब्रायटन येथे दिसून आले. तेथील इस्पितळांत मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन शहराबाहेरच्या टेकड्यांवर झाले होते. त्या जागी १ फेब्रुवारी १९२१ रोजी संगमरवरी छत्रीचे अनावरण झाले. तिचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुशिल्पज्ञाने केला होता. छत्री सुंदर होती, पण तिच्यावर त्या ५३ जणांची नावे नव्हती. ती २०१० साली शेजारी नवी शिळा उभारून कोरण्यात आली. मध्ये ८९ वर्षे गेली. ज्यांच्यासाठी ती नावे हवी होती त्या पत्नी आणि ती मुले तोवर जगात राहिली नव्हती.

इकडे मायदेशी मात्र खेड्यांनी आपल्या परीने स्मृती राखली. युद्धानंतर सरकारने अनेक गावांत दगडी पाट्या बसविल्या. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके कामास आले, एवढाच त्यांवरील मजकूर. तेथेही आकडाच, पण गावात आकड्यामागची माणसे ठाऊक होती. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाला तर अपशिंगे मिलिटरी असेच नाव पडले. त्या एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. आज त्या गावातील मुलगा सैन्यात भरती होण्यास निघतो, तेव्हा त्याला शौर्याचा इतिहास पुस्तकातून वाचावा लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर बडोदा संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानाची फौज भारतीय सेनेत मिसळली आणि तिची पायदळ पलटण मराठा लाइट इन्फंट्रीच्या कुटुंबात दाखल झाली. मांडवीच्या परिसरातील ज्या घरांतून गायकवाडी चाकरीची परंपरा होती, तेथील शिपाई आता प्रजासत्ताकाचे सैनिक झाले. मालक बदलला, तशी स्मृतीची आणि निर्वाहाची जबाबदारीही राष्ट्राकडे आली.

राष्ट्राने ती कशी पार पाडली? नावाच्या बाबतीत पुष्कळ उशिराने, पण अखेरीस चांगल्या रीतीने. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत पडलेल्या बहुतेक जवानांचे अंत्यविधी रणभूमीजवळच झाले. घरी आली ती तार, आणि कधी मागाहून एखादी ट्रंक. कारगिलच्या युद्धात, १९९९ साली, पार्थिव देह गावी पोचविण्याची व्यवस्था झाली, आणि ज्या खेड्यांना युद्ध केवळ वर्तमानपत्रातून ठाऊक होते, त्यांच्या चावडीपुढे तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी उतरली. शोक खाजगी राहिला नाही, गावाचा झाला. पुढे दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय समर स्मारकाचे उद्घाटन झाले. तेथील त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर स्वतंत्र भारताच्या २५,००० हून अधिक जवानांची नावे हुद्दा आणि पलटण यांसह कोरलेली आहेत. सायंकाळी हुतात्म्याच्या निकटच्या नातलगाच्या हस्ते तेथे पुष्पचक्र वाहिले जाते. येथे शिपाई आकडा नाही, नाव आहे.

परदेशी भूमीवरही काही नावे नव्याने उजळली. रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे इटलीत १० जुलै १९४४ रोजी एकट्याने शत्रूचे मशीनगनचे ठाणे काबीज करून पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा दफनाचा किंवा दहनाचा ठिकाणा नाही; नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ च्या जुलैमध्ये इटलीतील माँटोने गावाने त्यांच्या नावे सूर्यघटिकेचे स्मारक उभारले. ज्या गावाशी त्यांचा संबंध केवळ मरणाचा, त्या गावाने त्यांची आठवण ठेवावी, ही गोष्ट मराठी मनाला विचार करावयास लावणारी आहे.

परंतु येथवर झाले ते रणांगणावर पडलेल्यांविषयी. सैनिकांपैकी फार मोठी संख्या अशी आहे, की जी नोकरी पुरी करून घरी येते, बँकेत किंवा कारखान्यात पहारेकऱ्याची दुसरी नोकरी धरते, मुलींची लग्ने उरकते आणि वृद्धापकाळी अंथरुणावर देह ठेवते. त्यांच्यासाठी ना बिगुल, ना ग्रॅनाइट. अमेरिकेत अशा निवृत्त सैनिकालाही राष्ट्रीय दफनभूमीत विनामूल्य जागा, शिळा आणि राष्ट्रध्वज देण्याची व्यवस्था आहे. पत्नीलाही त्याच्या शेजारी जागा मिळते. त्या दफनभूमींची मुळे १८६२ सालच्या यादवी युद्धातील कायद्यात आहेत. ज्या समाजात मृताची वस्ती जमिनीत असते, तेथे ही देणगी मोलाची. आपल्याकडे देह अग्नीला आणि अस्थी नदीला दिल्या, की जागेचा प्रश्न उरत नाही. उरतो तो मागे राहिलेल्यांचा प्रश्न. म्हणून निवृत्त सैनिकाच्या मरणानंतरचा खरा लाभ येथे वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो.

त्याआधी अंत्यविधीतील मानाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण त्याबाबत सद्भावनेपोटी चुका होतात. शासकीय, सैनिकी किंवा निमलष्करी दलाच्या अंत्ययात्रेतच तिरडीवर किंवा शवपेटीवर राष्ट्रध्वज घालता येतो. ध्वजसंहितेनुसार केशरी पट्टा मस्तकाच्या बाजूस असावा लागतो, आणि ध्वज चितेत जाळावयाचा नाही की कबरीत उतरवावयाचा नाही. अशा अधिकृत प्रसंगाखेरीज ध्वजाचे आच्छादन घालणे १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्याच्या विरुद्ध ठरते. निवृत्त सैनिकाला आपोआप असा मान मिळत नाही. वडिलांनी सारी उमर फौजेत घालविली म्हणून मुलाने बाजारातून ध्वज आणून तिरडीवर घातला, तर त्याच्या भावनेला कोणी नावे ठेवणार नाही. पण ज्या ध्वजाचा मान राखण्यात वडिलांची उमर गेली, त्याचाच नियम त्यांच्या अखेरच्या प्रवासात मोडला जातो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला किंवा जवळच्या लष्करी ठाण्याला वेळीच निरोप गेला, तर पुष्कळदा पुष्पचक्र घेऊन कोणी प्रतिनिधी येतो. वृद्धाच्या उरलेल्या सोबत्यांनी पदके लावून, टोपी काढून दोन मिनिटे स्तब्ध उभे राहणे, एवढ्यानेही त्या अंगणाला रणभूमीची प्रतिष्ठा येते.

आता निर्वाहाचे अंग पाहावयाचे. येथे नाव शिळेवर नसते, कागदावर असते. सैनिक जिवंत असताना त्याला जे निवृत्तिवेतन मिळते ते त्याच्यामागे पत्नीला कुटुंबनिवृत्तिवेतन म्हणून मिळावयाचे असते. ही योजना १ जानेवारी १९६४ पासून रूढ झाली. सर्वसाधारण दर अखेरच्या पगाराच्या ३० टक्के आहे. सैनिकाचे स्वतःचे निवृत्तिवेतन सामान्यतः पगाराच्या निम्मे असते, म्हणजे विधवेच्या हाती त्याच्या सुमारे तीनपंचमांश येते. निवृत्तीनंतर लवकर मरण आले तर सात वर्षे, किंवा मृताचे वय ६७ झाले असते त्या दिवसापर्यंत, यांतील आधीची मुदत होईतो वाढीव दर मिळतो. सैनिकी सेवेमुळे मृत्यू ओढवला असेल तर विशेष दर ६० टक्के, आणि युद्धात आला असेल तर पूर्ण पगाराइतका. सभासदांच्या बखरीतील निम्म्या वेतनाशी हे आकडे ताडून पाहिले, म्हणजे साडेतीनशे वर्षांत व्यवस्था किती बदलली आणि मूळ कल्पना किती तीच राहिली, हे ध्यानात येते.

नियम असे स्पष्ट असताना अडचण येते कोठे? समजा, मांडवीजवळच्या एखाद्या वाड्यात एक निवृत्त हवालदार वारला. त्याची पलटण मराठा, म्हणून त्याचे दप्तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात. तो ईएमईतून निवृत्त झालेला असेल तर दप्तर सिकंदराबादला, तोफखान्यातून असेल तर नाशिकरोडला. लग्न झाले तेव्हा त्याने पलटणीत पार्ट टू ऑर्डर करविली होती, की नाही? पत्नीचे नाव पेन्शन पेमेंट ऑर्डरवर चढले आहे, की नाही? चढले असेल तर कोणते नाव? मराठी रीतीप्रमाणे लग्नात वधूचे नाव बदलले जाते. शीटरोलवर सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे. शिवाय बडोद्याला राहावयास आल्यावर आणखी एक भर पडते. फौजेच्या दप्तरात जी लक्ष्मीबाई, ती रेशनकार्डावर लक्ष्मीबेन झालेली असते. आधारकार्डावर इंग्रजी वर्णविन्यास तिसराच. संसारात जिने एकच एक माणूस म्हणून पन्नास वर्षे काढली, ती सरकारी कागदांत तीन बायका होऊन बसते, आणि त्या तिघी एकच आहेत हे सिद्ध करण्याचे ओझे तेराव्यानंतर तिच्याच पदरात पडते.

हे ओझे हलके करण्याचा काळ मरणानंतरचा नव्हे. तो सैनिकाच्या हयातीचा आहे. पत्नीचे नाव आणि जन्मतारीख यांची नोंद पेन्शनच्या आदेशात बरोबर आहे, हे त्याने स्वतः पाहावे. जन्मतारखेचे महत्त्व पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कुटुंबनिवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवेला वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर २० टक्के जादा रक्कम मिळते, ८५ नंतर ३० टक्के, ९० नंतर ४० टक्के, ९५ नंतर ५० टक्के आणि शंभरी गाठल्यावर मूळ रकमेइतकीच आणखी रक्कम. दप्तरात तिची जन्मतारीख नसेल, तर तिची ऐंशी वर्षे सरकारला दिसत नाहीत. नावातील फरक शपथपत्राने आणि रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करून दूर करता येतो. नवऱ्याच्या सहीने ते काम जितके सुलभ होते, तितके त्याच्यामागे होत नाही.

मृत्यूनंतर करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पण वेळच्या वेळी झाल्या पाहिजेत. १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावयास हवी. शहरात ती महानगरपालिकेकडे होते. मृत्यूचा दाखला अनेक प्रतींत घ्यावा. बँकेला, आणि ज्यांचे निवृत्तिवेतन स्पर्श या संगणकीय व्यवस्थेतून येते त्यांच्या बाबतीत त्या व्यवस्थेला, ताबडतोब कळवावे. मृत्यूनंतर खात्यात जमा झालेले पेन्शन घरखर्चाला काढले तर पुढे ते परत भरावे लागते, आणि शोकाच्या घरात वसुलीचे पत्र येते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विधवेचे ओळखपत्र करून घ्यावे. माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेचे म्हणजे ईसीएचएसचे सभासदत्व नवरा गेल्याने संपत नाही, हेही तिला कोणीतरी सांगितले पाहिजे. पुढे दरसाल हयातीचा दाखला द्यावयास विसरता कामा नये.

विधवेच्या पश्चात हा हक्क मुलांकडे जातो. मुलगा २५ वर्षांचा होईतो, किंवा त्याआधी कमावता होईतो, पात्र असतो. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी आणि अपंग अपत्य यांच्यासाठी अटींसह अधिक काळ तरतूद आहे. अपंग मुलाचे नाव आईवडील जिवंत असतानाच नोंदविणे यासारखे शहाणपण नाही. विधवेच्या पुनर्विवाहाविषयीही जुनी समजूत बदलली पाहिजे. शौर्यपदकाचा भत्ता मिळणाऱ्या विधवेने पुनर्विवाह केला तर दिराशीच केला पाहिजे, तरच भत्ता चालू राहील, अशी अट फार काळ होती. ती २०१७ साली काढून टाकण्यात आली. पतीच्या शौर्याचा मान हा तिचा स्वतःचा झाला. तिने पुढे कोणाशी संसार करावा हे ठरविण्याचे साधन राहिला नाही.

आणखी एक वर्ग आहे, ज्याच्या कागदावर काहीच नसते. अल्पमुदतीच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनाविना घरी परतलेले सैनिक आणि त्यांच्या विधवा यांचा हा वर्ग होय. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी पाठविलेल्या सैनिकांत असे अनेक होते. ६५ वर्षांवरील आणि हवालदार हुद्द्यापर्यंतच्या अशा निराधारांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मासिक अनुदान मिळते. ते ४,००० रुपये होते. नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० रुपये झाले. त्याच वेळी मुलांच्या शिक्षणाचे अनुदान दरमहा १,००० वरून २,००० रुपये आणि मुलीच्या लग्नाचे ५०,००० वरून १,००,००० रुपये करण्यात आले. ही रक्कम सशस्त्र सेना ध्वजनिधीतून येते. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. त्या दिवशी शाळकरी मुले डब्यात जी नाणी गोळा करतात, त्यांतील काही अंश कोठल्यातरी खेड्यातील एखाद्या म्हातारीच्या पिठामिठाला जातो, हे छातीवर छोटा ध्वज टाचून घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

या सर्व व्यवस्थेत समाजाला करण्यासारखे काही उरते का, असा प्रश्न कोणी विचारील. पुष्कळ उरते. हक्क सरकार देते, पण हक्काची वार्ता शेजारीच देतो. मांडवीच्या आसपास मराठी मंडळे आहेत, देवळे आहेत, गणेशोत्सव आहेत. आपल्या पोळातून, वाड्यातून सैन्यात कोण गेले, कोणत्या पलटणीत होते, कोणत्या युद्धात होते, आणि त्यांच्या घरी आज कोण आहे, याची एक साधी वही एखाद्या मंडळाने ठेवली, तर तिच्यातून दोन कामे साधतील. नावे राहतील, आणि कोणाच्या घरी कागद अपुरे आहेत हेही कळेल. ज्याला अर्ज लिहिता येतो अशा एखाद्या निवृत्त कारकुनाने आठवड्यातून एक सायंकाळ या कामाला दिली, तर एखाद्या दगडी स्मारकाच्या वर्गणीपेक्षा त्याची किंमत अधिक होईल. नावे लिहिताना हुद्दा पाहू नये. सुभेदार आणि स्वयंपाकी एकाच वहीत असावेत. सैन्यामागे राहून ज्यांनी भाकऱ्या थापल्या आणि खेचरे हाकली, ते गेल्या शतकात सर्वांत आधी विसरले गेले.

पितृपक्षात आपण ज्यांना तर्पण करतो, त्यांची नावे उच्चारावी लागतात. नावाशिवाय पाणी पोचत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. सैनिकाच्या बाबतीत राष्ट्राचे तर्पणही याच रीतीने व्हावयास पाहिजे. बसऱ्याच्या भिंतीवर जे शिपाई आकडा होऊन राहिले, त्यांच्या बायकांची नावेही त्या काळच्या कित्येक कागदांत अमक्याची विधवा एवढीच राहिली असतील. आज शिळेवर नाव कोरण्याची सोय झाली आहे आणि कागदावर नाव चढविण्याचीही. शिळेवरचे नाव राष्ट्राने कोरावयाचे. कागदावरचे नाव मात्र घरातल्या माणसाने, बाप जिवंत असताना, पेटीतून पेन्शनचा आदेश काढून एकदा नीट वाचले पाहिजे. त्यात आईचे नाव चुकले असेल, तर ते दुरुस्त करून घेणे हीदेखील त्या सैनिकाची सेवाच होय.